मातेचे दूध आणि घराचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या माता-बालक आरोग्य मेळाव्यातील भाषणाचा पाठ)



संस्थेच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना बांधलेल्या वास्तू, दिलेल्या शिष्यवृत्त्या, भरविलेली शिबिरे यांची मोजदाद होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु या पन्नास वर्षांत समाजातील बहुतेक प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा पाळणा हलला आहे. त्या पाळण्यातील जीवाच्या मुखी पहिल्या दिवशी काय पडले, याची नोंद मात्र कोणत्याही अहवालात सापडत नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे : नवजात बालकाचे स्तनपान. हा विषय केवळ भगिनींचा असून पुरुषांनी त्यात काय ऐकावयाचे, असे काही बांधवांना वाटण्याचा संभव आहे. परंतु बाळाला आईचे दूध मिळेल की नाही, हे पुष्कळदा आईच्या हाती नसते. ते घरातील इतर माणसांच्या शब्दावर ठरते. म्हणूनच हा विषय संपूर्ण कुटुंबासमोर मांडणे उचित आहे.

अनेक घरांत घडणारा एक प्रसंग प्रथम डोळ्यांसमोर आणावा. सुनेची पहिलीच बाळंतपणाची वेळ. बाळ सुखरूप जन्मले, पेढे वाटून झाले. तिसऱ्या रात्री बाळ रडू लागते. पाजून झाले, तरी पुन्हा रडते. आई थकलेली, टाके दुखत असलेले. भेटीस आलेली कोणी ज्येष्ठ आप्त सहज बोलून जाते, ‘‘अगं, लेकराचं पोट भरत नाही. हिला दूधच नाही पुरेसं.’’ घरातील कर्ता पुरुष लगबगीने औषधाच्या दुकानात जातो आणि पावडरीचा डबा व बाटली घेऊन येतो. बाळ बाटलीने दूध पिऊन शांत झोपते. सर्वांना हायसे वाटते. आईच्या मनात मात्र त्या रात्री एक खूणगाठ बसते की, आपले दूध अपुरे आहे. दुसऱ्या दिवशी एक बाटली, चौथ्या दिवशी तीन, आणि पंधरा दिवसांत आईचे दूध खरोखरच आटते. मग सर्वजण म्हणतात, ‘‘पाहा, आधीच सांगितले होते.’’

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नाही. ज्येष्ठ भगिनी मायेनेच बोलली, कर्ता पुरुष मायेनेच धावला. तरीही बाळाचा एक मोठा हक्क गेला. तो कसा गेला हे समजण्यासाठी आईच्या शरीरात दूध कसे तयार होते हे पाहावे लागेल.

प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस आईला येते ते दाट, पिवळसर दूध. त्यास चीकदूध म्हणतात. त्याचे प्रमाण अल्प असते आणि तसेच ते असावयास हवे, कारण पहिल्या दिवशी बाळाचे जठर इतके लहान असते की एका वेळेस चहाचा एखादा चमचाभर दूध त्यास पुरते. परंतु त्या चमचाभर चीकदुधात रोगप्रतिकारक द्रव्ये आणि ‘अ’ जीवनसत्त्व विपुल असते. बाळाच्या आतड्यांना त्याचे जणू पहिले संरक्षक अस्तर मिळते. त्यामुळे बाळाची काळसर-हिरवी पहिली शी लवकर बाहेर पडते आणि काविळीचा जोरही कमी राहण्यास मदत होते. पूर्वीच्या काळी काही घरांत हे दूध ‘जड’ किंवा ‘खराब’ समजून पिळून टाकले जाई. तो निव्वळ गैरसमज होता.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध भरून येऊ लागते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास यास थोडा अधिक वेळ लागू शकतो. या संधिकाळात बाळ वारंवार चोखते, वारंवार रडते आणि त्याचे वजनही किंचित उतरते. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत होणारी ही घट सामान्यतः दोन आठवड्यांत भरून निघते. म्हणजे तिसऱ्या रात्रीचे ते रडणे दूध नसल्याची तक्रार असेलच असे नाही. बहुधा ते दूध येण्यासाठी बाळाने चालविलेले प्रयत्न असतात.

व्यापारी समाजाला ही गोष्ट चटकन उमगावी. बाजारात मागणी वाढली की माल अधिक तयार होतो आणि गोदामात माल पडून राहिला की उत्पादन मंदावते. आईच्या शरीरात नेमका हाच नियम चालतो. बाळ चोखू लागले की तो संदेश मेंदूपर्यंत जातो. मेंदूतील ग्रंथी प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक सोडते व त्यामुळे दूध तयार होते. ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक ते दूध पुढे ढकलते. स्तन जितका रिकामा होईल तितके नवे दूध वेगाने भरते आणि दूध आत साचून राहिले तर शरीर स्वतःहून निर्मिती कमी करते. बाटलीने पोट भरलेले बाळ आईला चोखत नाही. चोखले नाही म्हणून मागणी थांबते आणि मागणी थांबली म्हणून पुरवठा थांबतो. वर वर्णन केलेल्या घरात डबा आला तो दूध नव्हते म्हणून, असा सर्वांचा समज झाला. वस्तुतः डबा आला म्हणून दूध गेले.

ऑक्सिटोसिनचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आई निश्चिंत असेल, बाळाकडे पाहत असेल, त्याच्या स्पर्शात असेल तर ते सहज स्रवते. भीती, वेदना, अपमान, चिंता यांनी ते अडते. ‘‘तुला दूध नाही’’ हे वाक्य म्हणूनच निरुपद्रवी नाही. त्या वाक्याने दूध उतरण्यात खरोखर अडथळा येऊ शकतो. याउलट ‘‘घाबरू नकोस, दूध येईल, तू फक्त पाजत राहा’’ असे सासूबाईंनी वा आईने पाठीवर हात ठेवून म्हटले, तर तो हात औषधासारखा उपयोगी पडतो.

आता पहिल्या तासाविषयी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची शिफारस स्पष्ट आहे : जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. घाना देशात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, पहिल्या तासात स्तनपान सुरू झाल्यास नवजात बालकांचे सुमारे २२ टक्के मृत्यू टळू शकतील. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन असा अंदाज मांडला की, स्तनपान सर्वत्र योग्य प्रमाणात झाले तर दरवर्षी ८,२३,००० बालकांचे प्राण वाचू शकतील आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे २०,००० मातांचे मृत्यूही टळू शकतील. लाभ बाळाचा तसाच आईचाही आहे.

आपल्या देशाची स्थिती काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य संस्थांत झाल्या, परंतु पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली बालके केवळ ४१.८ टक्के होती. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या सर्वेक्षणात रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण ७८.९ टक्के होते आणि पहिल्या तासातील स्तनपानाचे ४१.६ टक्के. रुग्णालयांतील प्रसूती दहा टक्क्यांनी वाढल्या आणि पहिल्या तासातील स्तनपान जवळजवळ जागच्या जागी राहिले. हा ताळेबंद कोणत्याही विचारी गृहस्थास अस्वस्थ करील. डॉक्टर, परिचारिका, औषधे सर्व हाताशी असताना बाळ आईपासून दूर का राहते? पहिली धुणी-पुसणी, वजन, नातेवाइकांना दर्शन, छायाचित्रे आणि शस्त्रक्रियेनंतरची धावपळ यांत तो तास निघून जातो. याच सर्वेक्षणानुसार खासगी संस्थांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या होत्या. समाजातील बहुतांश प्रसूती खासगी रुग्णालयांतच होतात, हे येथे वेगळे सांगावयास नको.

शस्त्रक्रियेने प्रसूती झाली म्हणजे पहिला तास गेलाच, असे समजण्याचे कारण नाही. पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत आई जागी असते. तिची व बाळाची प्रकृती ठीक असल्यास परिचारिकेच्या मदतीने बाळ तिच्या छातीशी लावता येते. संपूर्ण भूल दिली असेल तर आई शुद्धीवर येताच हे करता येते. याकरिता प्रसूतीच्या तारखेआधीच पतीने व घरच्या ज्येष्ठांनी डॉक्टरांशी बोलून ठेवावे आणि आपली इच्छा स्पष्ट सांगावी. बाळ बाहेर आणले की प्रथम आजोबांच्या हाती द्यावयाचे की आत्याच्या, हा विचार बाजूस ठेवून ते प्रथम आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवावे. आई आणि बाळ दोघांवर वरून एक मऊ सुती दुपटे पांघरले की बाळाला ऊब मिळते. आप्तेष्टांच्या कौतुकासाठी पुढचे सर्व आयुष्य आहे.

जन्मल्याबरोबर बाळाच्या जिभेवर काहीतरी चाटविण्याची रूढी अनेक घरांत आहे. कोठे गुळाचे पाणी, कोठे साखरपाणी, कोठे मध, कोठे घुटी. मध जैन आचारात वर्ज्यच आहे. तथापि ‘औषध म्हणून एक थेंब’ अशी पळवाट काही ठिकाणी काढली जाते. वैद्यकशास्त्रानेही या बाबतीत निःसंदिग्ध मत दिले आहे की, एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुळाचे वा साखरेचे पाणीही बाळाची भूक मारते आणि अस्वच्छतेचा मार्ग उघडते. कावीळ दिसली म्हणून ग्लुकोजचे पाणी पाजणेही निरुपयोगी आहे. तेथे उपाय अधिक वेळा पाजणे व डॉक्टरांना दाखविणे हाच. उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळास वरचे पाणी लागत नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. डॉक्टरांनी सांगितलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब किंवा औषध मात्र द्यावे.

पाजण्याची पद्धत नीट नसली तर आईला वेदना होतात व बाळाला दूध मिळत नाही. बाळाचे डोके आणि शरीर एका सरळ रेषेत, पोट आईच्या पोटाला टेकलेले, तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. केवळ अग्र तोंडात न देता भोवतालचा काळा भागही शक्य तितका बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. अग्राला चिरा पडणे हे बहुधा पकड चुकल्याचे लक्षण असते. अशा वेळी स्तनपान बंद न करता पकड सुधारावी. स्तन दगडासारखे घट्ट झाल्यास ते अधिक वेळा पाजून किंवा हाताने दूध काढून मोकळे करावेत. एखादा भाग लाल होऊन ताप आला तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. बहुतेक वेळा अशा आजारातही पाजणे चालू ठेवता येते.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. बाळ ओले झाले, उकडले, थंडी वाजली, पोटात वायू झाला, नुसते कुशीत यावेसे वाटले तरी रडते. दुधाचा खरा हिशेब दोन ठिकाणी मिळतो : लंगोटात आणि वजनकाट्यावर. पहिल्या आठवड्यानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू करीत असेल आणि दोन आठवड्यांत जन्मवजन भरून काढून पुढे वाढत असेल, तर त्याला दूध पुरेसे मिळते आहे, असे निश्चित मानावे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हे नवजात बालकाच्या बाबतीत स्वाभाविक आहे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण प्रोलॅक्टिन रात्री अधिक स्रवते. मात्र बाळ सुस्त पडून राहिले, चोखेनासे झाले, शू कमी झाली, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, अंग तापले वा थंड पडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

आता आईच्या आहाराविषयी, कारण या ठिकाणी समाजाच्या आचाराशी विषयाचा प्रत्यक्ष संबंध येतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, खसखस, बाळंतशेपा ही परंपरेने आलेली शिदोरी पौष्टिक आहे आणि ती प्रेमाने करून घालणारे हात त्याहून मोलाचे आहेत. परंतु दूध मुख्यतः बाळाच्या चोखण्यानेच वाढते, हे विसरू नये. बाळंतिणीला वरण, उसळी, दूध, दही, ताक, पालेभाज्या, फळे पोटभर मिळावीत. ‘हे वातूळ, ते थंड’ म्हणून तिचे ताट रिकामे करू नये. ज्या घरांत रात्रिभोजनाचा त्याग काटेकोर पाळला जातो, तेथे सूर्यास्तापूर्वीचे तिचे भोजन घाईघाईत उरकलेले नसावे. घरातील सर्वांच्या आधी तिचे ताट वाढले जावे. पर्युषणात वा अष्टाह्निकेत तपश्चर्येची भावना होणे स्वाभाविक आहे. परंतु सोळा कारण भावनांत ‘शक्तितस्तप’ ही एक भावना सांगितली आहे, म्हणजे तप शक्तीनुसार करावयाचे असते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईची शक्ती दोन जीवांसाठी खर्च होत असते. तिने दीर्घ उपवासाचा आग्रह धरू नये आणि घरानेही तशी अपेक्षा व्यक्त करू नये. स्वाध्याय, सामायिक, संयम यांचे मार्ग तिला खुले आहेतच.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एका गोष्टीची विशेष दखल घ्यावी. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसते. दूध-दह्यातून ते काही प्रमाणात मिळते, पण पुष्कळ वेळा पुरत नाही. आईच्या शरीरात ब-१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरते. अशा केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला पंडुरोग होतो, ते मलूल दिसते, मान धरणे-हसणे उशिरा होते, क्वचित हात-पाय थरथरतात. वेल्लोर येथील डॉक्टरांनी भारतीय बालकांतील या विकाराचे वर्णन १९६२ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले होते. यावरून आईचे दूध निकृष्ट ठरत नाही आणि शाकाहारही सदोष ठरत नाही. उपाय अगदी साधा आहे. गर्भारपणातच रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे आणि प्रसूतीनंतरही लोह व कॅल्शियमच्या गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत बंद करू नयेत. सुनेच्या डोहाळजेवणाचा थाट करणाऱ्या घराने ही एक तपासणी विसरावी, हे योग्य नव्हे.

पुरुषवर्गाकडे वळू. पती दूध पाजू शकत नाही, परंतु पाजणे शक्य करू शकतो. रात्री बाळाला उचलून आईजवळ देणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, आईच्या हाताशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणे, भेटीस येणाऱ्यांची वर्दळ आवरणे आणि कोणी ‘दूध नाही’ असे म्हटल्यास शांतपणे ‘वजन वाढते आहे’ असे उत्तर देणे, ही सर्व कामे त्याची आहेत. सोयराच्या दिवसांत बाळंतीण वेगळ्या खोलीत असते. तिला विश्रांती आणि बाळाचा अखंड सहवास मिळतो, हा त्यातील लाभ जपावा. पण ती एकाकी पडू नये. प्रसूतीनंतर काही दिवस मन हळवे होणे सामान्य आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ ती सतत उदास राहिली, रडत राहिली, बाळाविषयी अनास्था दाखवू लागली, तर त्यास ‘नखरे’ न म्हणता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

समाजातील पुष्कळ बांधव व्यापारी आहेत. त्यांच्या दुकानांतून, कापडाच्या पेढ्यांतून, कारखान्यांतून अनेक भगिनी नोकरी करतात. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. रजेनंतर कामावर आल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा बाळासाठी सुटी देण्याचीही तरतूद आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी पुढे चालू ठेवल्या आहेत आणि दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या दुकानांना त्या लागू होतात. जेथे माणसे त्याहून कमी, तेथे कायदा हात धरणार नाही, परंतु मालकाची माणुसकी धरू शकते. दुकानाच्या मागील बाजूस एक पडदा, एक खुर्ची, हात धुण्याची सोय इतके झाले तरी एखादी सेविका स्वच्छ डब्यात दूध काढून बाळासाठी नेऊ शकते. असे काढलेले दूध खोलीच्या तापमानात सुमारे चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवता येते. ते बाटलीऐवजी स्वच्छ वाटी-चमच्याने पाजावे. जुने बोंडलेही नको, कारण त्याच्या चोचीच्या आत साचलेले दूध दिसत नाही व नीट निघत नाही.

डब्याच्या दुधाचा व्यापार कसा चालतो, हेही व्यापाऱ्यांनी जाणून घ्यावे. या व्यापारातील जाहिरातबाजीने जगभर बालकांचे नुकसान होत असल्याचे दिसून आल्यावर १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने त्यासंबंधी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता संमत केली. भारतात ३ डिसेंबर १९९१ रोजी, आपल्या महाराष्ट्रात वर्धा येथे, ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. पुढे १९९२ साली संसदेने शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा केला व २००३ साली तो अधिक कडक केला. या वस्तूंची जाहिरात, मातांना मोफत नमुने, भेटवस्तू यांना त्याने बंदी आहे. डब्यावर बाळाचे वा आईचे चित्र छापता येत नाही आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे, असे ठळक अक्षरांत छापावेच लागते. आपल्याच मालावर दुसरा माल उत्तम असल्याचे छापण्याची सक्ती बाजारात अन्यत्र क्वचितच आढळेल. तो डबा घरी आणणाऱ्याने ते वाक्य एकदा वाचावे, एवढीच अपेक्षा.

तथापि एक गोष्ट अत्यंत स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. काही मातांना सर्व प्रयत्न करूनही दूध पुरत नाही. कधी गंभीर आजार, कधी विशिष्ट औषधे, कधी बाळाचा दुर्मिळ चयापचयाचा विकार, कधी फार आधी झालेला जन्म अशी कारणे असतात. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दिलेले पर्यायी दूध हे बाळाचे जीवन राखणारे औषधच असते आणि ते देणाऱ्या आईच्या मातृत्वात तसूभरही उणेपणा येत नाही. तिला बोल लावणे हा हिंसेचाच एक प्रकार होय. स्तनपानाचा पुरस्कार करताना कोणा मातेच्या डोळ्यांत पाणी येईल असे बोलले जाऊ नये, हे पथ्य प्रत्येकाने पाळावे.

अशा बालकांसाठी दुसरा एक मार्ग मुंबईने दाखविला आहे. शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ज्या मातांना आपल्या बाळाचे पोट भरून दूध उरते, त्या ते तेथे दान करतात. दात्या मातेची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअस तापमानाला ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक केले जाते आणि अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बालकांना दिले जाते. पुढे देशात अनेक ठिकाणी अशा पेढ्या उभ्या राहिल्या. या पेढीत नफा नाही. मे २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मानवी दुधावर प्रक्रिया करून ते विकण्यास परवानगी नसल्याचे स्पष्ट केले. हे दूध केवळ दानानेच एका मातेकडून दुसरीच्या बाळापर्यंत जाऊ शकते. आहारदान आणि औषधदान यांची महती ऐकत वाढलेल्या समाजाला या दानाचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या गावाजवळ अशी पेढी आहे, तेथील महिला मंडळाने तिची माहिती बाळंतिणींपर्यंत पोहोचवावी.

शेवटी एक साधी, आचरणात आणण्याजोगी सूचना. बाळ जन्मल्यावर बाळंतविडा नेण्याची सुंदर प्रथा घराघरांत आहे. झबली, टोपडी, लंगोट, मऊ मलमलीचे दुपटे, आईसाठी सुती साडी असे त्याचे स्वरूप असे. अलीकडे तयार खोक्यांतून येणाऱ्या भेटीत दूध पाजण्याची बाटलीही हटकून असते. देणाऱ्याच्या मनात काही नसते, पण बाटली घरात आली की तिसऱ्या रात्री ती हाताशी लागते. यापुढे समाजातील कोणत्याही बाळंतविड्यात बाटली असू नये. तिच्या जागी अंगावर पाजताना आईला आडोसा मिळेल असे एखादे मोठे सुती उपरणे द्यावे, आणि त्याबरोबर एक छोटी चिठ्ठी असावी. तीत रुग्णालयातील स्तनपान समुपदेशक परिचारिकेचा किंवा बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक लिहिलेला असावा आणि त्याखाली महिला मंडळातील अशा दोन अनुभवी भगिनींची नावे असावीत, ज्या रात्री दहा वाजताही दूरध्वनी उचलतील. याचा खर्च नगण्य आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने हा एवढा उपक्रम हाती घेतला, तरी त्याचे फळ प्रत्येक पाळण्यात दिसेल.

आरंभीच्या प्रसंगाकडे पुन्हा एकदा वळावे. तीच तिसरी रात्र, तेच रडणारे बाळ, तीच थकलेली सून. फरक इतकाच की ज्येष्ठ भगिनी म्हणते, ‘‘दूध येतंय, बाई. तिसऱ्या दिवशी असंच होतं. तू आडवी हो, मी त्याला तुझ्या कुशीत देते.’’ पती उशी सारखी करतो, पाणी देतो, दिवा मंद करतो. बाळ पुन्हा चोखू लागते. चौथ्या वा पाचव्या दिवशी दूध भरून येते. पंधराव्या दिवशी वजनकाटा त्याची साक्ष देतो. या घराने काहीही विकत आणलेले नसते. त्याने फक्त तीन रात्री धीर धरलेला असतो.

तो धीर समाजातील प्रत्येक घरात नांदो, प्रत्येक मातेला विश्रांती व विश्वास लाभो आणि प्रत्येक नवजात बालकास त्याचा पहिला हक्क मिळो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना. 

जय जिनेंद्र.